तळपाय

पहिल्या दिवशी आओकोबाईंनी मला
एक हिरवं पेन दिलं आणि मधुमेहाचं एक पत्रक.
"लाल पेन कॉलेजात राहू दे, अपोंडी," म्हणाल्या,
"इथं चूक रोग्याची नसते."
मग कुणाची, ते विचारायचं राहून गेलं.

किसुमूचं सरकारी रुग्णालय, दुसरा मजला,
'रुग्णशिक्षण' ही पाटी एका खिळ्यावर तिरकी.
खिडकीतून सरोवराची एक चिंधी दिसायची,
तीही जलपर्णीनं भरलेली.

दोन आठवडे मी शब्द कापत होते.
'परिधीय चेतातंतूंची हानी' कापली, तिथं लिहिलं:
पायाला मुंग्या येतात. मग मुंग्याही येत नाहीत.
आओकोबाई हसल्या नाहीत, पण खोडलंही नाही.
'आपल्या वैद्यकीय सल्लागाराशी त्वरित संपर्क साधावा'
हे वाचून होईपर्यंत दवाखाना बंद होतो,
म्हणून: लगेच या.

एका ओळीचा मात्र मला गर्व होता.
रोज रात्री तळपाय बघा.
चार शब्द. समासात मी स्वतःच
बरोबरची खूण केली.

गुरुवारी बाह्यरुग्ण विभागातल्या बाकावर वाचनचाचणी.
नियम असा की समजावायचं नाही,
वाचू द्यायचं, गप्प बसायचं,
आणि शेवटी विचारायचं, "घरी जाऊन काय कराल?"

ओबुरा आजोबा डुंगा किनाऱ्यावरचे,
जाळी ओढून ओढून बोटांना दोरीचा पीळ.
कागद लांब धरून, ओठ हलवत, त्यांनी सगळं वाचलं,
छापखान्याच्या पत्त्यासकट.
मग चप्पल काढली.
पाय उचलून मांडीवर घ्यायला गेले,
गुडघा अर्ध्यावर अडला, होडी गाळात रुतावी तसा.
पुन्हा एकदा.
मग माझ्याकडे बघून, अगदी अदबीनं:
"पोरी, सत्तर वर्षं यांच्यावर उभा आहे मी.
आमची भेट नाही."

"घरातल्या कुणाला तरी…" मी नियम मोडला.
"घरात मी आहे," ते म्हणाले.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात.
त्यांची वाटेतच कुठंतरी विझलेली.
टाचेत काच होती, सोड्याच्या बाटलीची,
सोमवारची असेल, किंवा त्याच्या आधीच्या सोमवारची.
सिस्टर मिल्कानं चिमट्यानं ओढली तेव्हा
ते भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र बघत होते.
ओरडले ती मी.

रात्री वसतिगृहात मान मुरडून
मोबाइलच्या उजेडात मी माझे तळपाय बघितले.
एकवीस वर्षांची मी,
आणि डाव्या टाचेवरचा तीळ मला माहीत नव्हता.

चार शब्दांच्या जागी आता तीन ओळी:
आरसा जमिनीवर ठेवा. उजेडात बसा.
पाय आरशावर धरा.
कालच्यासारखं दिसलं नाही, तर लगेच या.
"आरसा कुठला?" आओकोबाईंचं पेन अधांतरी.
उत्तर ओबुरांकडेच होतं, पट्टी बदलायला आले होते:
मटाटूचा, कडेचा, निखळलेला.
गॅरेजमागे पडलेले असतात, मेकॅनिक पैसे घेत नाही.
चित्रकार ओक्विरीनं आरशात आधी चेहरा काढला,
सवयीनं. आम्ही चित्र परत पाठवलं.

पत्रकावर माझं नाव नाही.
प्रमाणपत्रावर आहे, तिथं ते चुकलंय.

शेवटच्या शुक्रवारी आजोबा जिना चढून वर आले,
दर पायरीला थांबत.
"छापलंय छान," म्हणाले,
"पण जमिनीवर ठेवलेला आरसा उचलायचा कुणी?"
आओकोबाईंनी मुकाट्यानं पेनाचं टोपण काढलं.
त्यांनी पिशवीतून आरसा काढला,
काठाला भोक पाडून जाळ्याची दोरी बांधलेली,
आमच्या टेबलाखाली सोडला,
आणि बसल्या जागेवरून, हात एकावर एक टाकत,
सावकाश वर ओढला:
त्यात छत, बंद पंखा,
माझी हनुवटी.