रकाना अकरा

वॉर्ड ऑफिसात गठ्ठा आला तो चुकीचा.
कुठल्याशा किनाऱ्यावरच्या पालिकेसाठी छापलेला.
रकाना अकरा: भरतीच्या रेषेपासून घराचं अंतर, मीटरमध्ये.
तडवी कारकून म्हणाले, नवे यायला महिना जाईल,
तुम्ही माणसं मोजा, बाई,
समुद्र सोडून द्या.

तर मी बाबाजीपुऱ्यात, शाळा सुटल्यावर,
खडू लागलेल्या बोटांनी दारोदार.
घरात किती? कमावतं कोण? मातृभाषा?
"घरात मराठी," मंदाकिनी पागे म्हणाल्या,
"भाजीवाल्याशी गुजराती,
आणि हिशोब दोन्हीत चुकतो."
मी मराठी लिहिलं.
अकराव्यात आडवी रेघ.

अशा दोनशे बारा रेघा ओढून झाल्यावर
विश्वामित्रीच्या काठी, पत्र्याच्या खोलीत, दामजी खारवा.
वेरावळचा. होडी विकून आलेला. पंक्चर काढतो.
फॉर्म त्यानं माझ्या हातातून घेतला,
अकरावर बोट ठेवलं, हसला.
"आ तो लखो, बेन."

चौकटीवर खिळ्यानं ओरखडा होता, माझ्या खांद्याइतका उंच.
पुराच्या साली पाणी तिथवर.
मागून मगर, तीही तिथवर.
तिथपासून पोरीच्या पाळण्यापर्यंत
त्यानं हात पसरून मोजलं. दीड हात.
मी लिहिलं: पाऊण मीटर, अंदाजे.

शहराची बेरीज काल वर गेली.
फक्त हा एक फॉर्म परत आलाय, लाल शाईत:
बडोद्यात समुद्र नाही. समक्ष पडताळावे.

निघालेय.
शिवणाच्या तासाची टेप घेतलीय बरोबर.
आकाशाचं मात्र काही खरं दिसत नाही.