लेखाशीर्ष

जानेवारीच्या शेवटी
सुधारित अंदाजपत्रकाची फाइल माझ्या टेबलावर येते
आणि खाडीत रोहित पक्षी येतात.
पक्षी आपले आपण येतात,
फाइलला शिपाई लागतो.

बेलापूरला, तिसऱ्या मजल्यावर,
मी जमेची बाजू बघते.
खर्चाची बाजू वाकडे बघतात.
आडनाव वाकडे, माणूस फूटपट्टीसारखा.

"पर्यटन वाढलंय," साहेब म्हणाले,
"आकड्यात दिसू दे."
मी आकडा शोधायला बसले.

होडीच्या तिकिटाचे पैसे वनखात्याकडे.
हॉटेलातल्या पापलेटवरचा कर
निम्मा दिल्लीला, निम्मा मंत्रालयात;
तिथून आमच्याकडे हप्ता येतो
माहेरून यावा तसा,
किती, केव्हा, विचारायचं नसतं.
जेट्टी मेरीटाइम बोर्डाची,
पलीकडचा भूखंड सिडकोचा,
आकाशाचं मला नक्की माहीत नाही.

आमचं म्हणून उरतं पार्किंग.
चारचाकी तीस रुपये, तेही मक्त्यानं दिलेलं.
आणि उरतो सोमवार:
कचऱ्याच्या दोन जादा गाड्या,
शहाळी, कणसांची बुरकुंडं, कुणाच्या तरी बाळाचा लंगोट,
फिरतं शौचालय, त्याचा टँकर,
तीन रखवालदार, त्यांच्या वेतनाचा फरक,
आणि चौकातले सिमेंटचे गुलाबी पक्षी.
खरे पक्षी गाळातलं शेवाळ खाऊन
आपला रंग आपण कमावतात.
पुतळ्यांच्या रंगाला दरवर्षी निविदा निघते.

जमा एकोणीस लाख.
खर्च मी वाकड्यांच्या खांद्यावरून वाचला: एकतीस.
"अप्रत्यक्ष लाभ लिहा," साहेब म्हणाले.
मी पुस्तिका पहिल्या पानापासून चाळली,
कुत्र्यांच्या परवान्यापासून स्मशानातल्या भंगारापर्यंत
सगळ्याला लेखाशीर्ष आहे,
अप्रत्यक्ष लाभाला नाही.

त्याच दुपारी सारसोळ्याचे हिराजी नाखवा आले.
सहा वर्षं येतात, एकाच अर्जाची नवी झेरॉक्स घेऊन.
जेट्टीवर एक दिवा हवा, पहाटे भरतीला निघताना
पायरी दिसत नाही.
बोर्ड म्हणतं पालिका, पालिका म्हणते बोर्ड.
या वेळी अर्ज ठेवून ते उठले नाहीत.
"बाय, आमची जालीं सुकवाची जागा
गाऱ्यांना दिलीव,
त्याचा भारा कंच्या खात्यान परतं?"
मी म्हटलं, बघून सांगते.
खरं तर मला पाठ होतं:
संकीर्ण उत्पन्न, पान एकशे चार.

रविवारी मुलाला घेऊन मी स्वतःच गेले.
तीस रुपये दिले, पावती मागितली.
पोरगा हसला. "मॅडम, पावतीसकट पन्नास."
मी पन्नास दिले.
अठरा वर्षांच्या नोकरीत
जमेची रक्कम अशी समोरासमोर कधी भेटली नव्हती.

ओहोटी होती. लोक फोन उंच धरून उभे.
पक्षी चोच उलटी बुडवून
हिशेबाला बसल्यासारखे खाली मान घालून होते,
एकानंही वर पाहिलं नाही.
मुलानं विचारलं, हे आपले आहेत का?
डांबराखाली कुठंतरी
जाळी बांधायचा एक खुंटा अजून वर आला होता,
त्याला कुणीतरी स्कूटर टेकवली होती.

सोमवारी वाकडे डबा खायला गेले तेव्हा
मी खर्चाचं पान ओढलं.
"शोभिवंत पुतळे, रंगरंगोटी, नग बारा"
याचे नग अकरा केले,
आणि खाली, त्याच लेखाशीर्षात,
बारीक अक्षरात: दिवा, खांबासह, नग एक.

वाकडे परतले. चष्मा लावून वाचलं.
पुन्हा वाचलं.
मग पानाचा दुमडलेला कोपरा
नखानं सरळ केला
आणि सहीसाठी फाइल पुढं सरकवली.

म्हणजे यंदा चौकातला एक पक्षी
बिनरंगाचाच राहणार.
ऑडिटवाल्यांनी विचारलं तर सांगेन,
पिल्लू आहे साहेब,
ती सुरुवातीला करडीच असतात.