अर्थ क्रमांक चार

सातवीच्या वर्गात धडा वाचताना
'कॉक' या शब्दापाशी होडी वाळूत रुतली.
मागच्या बाकावरून फिस्स आवाज आला,
ओला बांगडा तव्यात पडल्यासारखा.
मग मधले बाक, मग मुली.
मुमताज होडेकर तेवढी वहीत मान घालून,
कानांच्या पाळ्या लाल.

"हसतस कित्याक, रुजाय?"
"काय नाय बाई. कोंबो."
"मगे कोंब्यात हसण्यासारखा काय?"

तेवीस वर्षं मी निवतीत इंग्रजी शिकवते.
कॉक म्हणजे कोंबडा, पहाटे आरवतो.
फळ्यावर चित्रही काढते त्याचं,
शेपूट दरवेळी मोराचं होतं.

घरी जाऊन जाड शब्दकोश काढला,
कडा वाळवीने खाल्लेल्या, मध्ये कुणाचा तरी एसटीचा पास.
एक : कोंबडा.
दोन : नळाची तोटी.
तीन : बंदुकीचा घोडा.
इथे थांबून मला जरा मजा वाटली,
बंदुकीच्या त्याच खटक्यावर
त्यांनी कोंबडा बसवला, आपण घोडा,
आणि गोळी दोघांची सारखीच सुटते.
चार :
चारच्या पुढे कंसात लिहिलं होतं, ग्राम्य.
ग्राम्य म्हणजे गावचं.
आमच्या गावात तर हा अर्थ नव्हता हो.
तो रुजायच्या मामेभावाच्या मोबाइलमधून आला,
पणजीहून, शेवटच्या गाडीने.

मग मी झोपलेच नाही. मांजर बघितलं, गाढव बघितलं,
प्रत्येकाच्या शेपटाला तोच कंस बांधलेला.

शाळेच्या जिन्याखाली वाघी व्याली होती गेल्या साली.
कुडाळच्या डॉक्टरांनी लस टोचून कागद दिला :
बिच, तपकिरी, वय अंदाजे चार.
"शाळेच्या फायलीत असला शब्द?" म्हणून
परुळेकर क्लार्कनी व्हाइटनर लावला,
फुंकर घालून वाळवला,
पण वर काही लिहायचं विसरले.
आता वाघी कागदावर नुसती तपकिरी आहे.

आम्ही तरी कुठे सोवळे.
काकाचं नाव निघालं की आई म्हणायची, बोकाळलाय मेला,
आणि खरा बोका चुलीमागे
स्वतःचा पंजा चाटत बसलेला, निर्व्यसनी.
मला ती उठता बसता म्हशी म्हणायची.
म्हशीला म्हणायची, बाय माझे.

रविवारी खोबरेकरांनी होडीला नवं इंजिन बसवलं.
राखणदाराला द्यायला दिगंबरने कोंबडा आणला,
पाय सुंभाने बांधलेले, काखेत उलटा.
होडीला टेकून माझा निम्मा वर्ग उभा.
दिगंबरच्या आजोबांनी गाऱ्हाणं घातलं,
"बा राखणदारा, पोरांका सांभाळ, वाऱ्यापावसात पाठीशी ऱ्हव,
ह्यो कोंबो तुझो."
होय महाराजा, सगळे म्हणाले.
रुजायही म्हणाला, खिशातला क्रूस चाचपत.
कोंबो हा शब्द भर किनाऱ्यावर
तोंड भरून उच्चारला गेला
आणि एक पोर हसलं नाही.
मी मुद्दाम बघत होते.

कोंबड्याने एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं,
मग मान वळवून दुसऱ्याने.
पिसांखाली काहीतरी फार भराभर उडत होतं.
तो अर्थ क्रमांक एक होता,
दुपारपर्यंत होता.

सोमवारी धडा पुढे न्यायचा होता.
मी फळा पुसला, मोराच्या शेपटासकट,
आणि नवीन पुस्तकात असतो तसा
स्वच्छ, निर्धोक शब्द लिहिला : रूस्टर.
वर्ग गप्प.
मुमताजने मान वर केली, शब्द उतरवून घेतला.
खिडकीबाहेर वाघी खाजवत होती.
मागच्या बाकावरून रुजायने हात वर केला.
मी मनातल्या मनात दात आवळले.

"बाई," तो म्हणाला, अगदी गंभीरपणे,
"ह्यो खयचो पक्षी?"