म

टोलेडोत दुपारचा खेळ. मोजून सात डोकी.
पडद्यावरचा लूशियस टार्व्हर
घडाघडा बोलतो, कुठे अडत नाही.

ऑर्व्हेला काठी मांडीवर आडवी घेते.
खऱ्याला 'म' कधी साधला नाही.
'माणसं' म्हणताना तो इतका रखडायचा
की चर्चमधले सगळेच
ओठ मिटून त्याच्यासोबत थांबायचे,
दाराशी उभा पोलीससुद्धा.

मग गोदाम पेटतं.
काडी कुणी ओढली, कॅमेरा बघत नाही.
बघता, तर बाईचा हात दिसता,
सुईनं टोचटोचलेला.
नऊ वर्षं आत काढली त्यानं. नाव सांगितलं नाही.

मागचा पोरगा कुजबुजतो,
"आग यानंच लावली ना?"

ऑर्व्हेला अर्धवट वळते.
ओठ मिटतात.
म—
म—