दोन बाण

सुरुवात भिकनने केली.
गणपतीच्या आदल्या रात्री, कंपनीतून.
बोटांना ग्रीस, चष्मा लॉकरात,
'शिफ्ट बदलली' एवढं लिहायचा कंटाळा,
म्हणून दाबली ती निळी चौकट:
एकमेकांच्या शेपटीमागे धावणारे दोन बाण.

मी सिव्हिलच्या सहा नंबर वॉर्डात
सलाईनचे थेंब मोजत होते.
वाटलं, याचा फोन अडकला.
मग कळलं. उद्यापासून तो रात्री, मी दिवसा.

तेव्हापासून आमची लिपी हीच.
सिलिंडर संपलाय, दुसरा जोड: बाण.
मुक्ताला ताप, कपाळावरची पट्टी बदल: बाण.
मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही, परत सांग: तेच.
दिवाळीत धुळ्याच्या काकांना
'तुम्हालाही' म्हणून त्याने हेच पाठवलं;
काका अजून विचारतात,
भिकन माझ्याकडं पैसे परत मागत होता का?

सकाळी सव्वासात, कार्बन नाका.
मी त्याला देते झोपाळू पोरगी,
हेल्मेट, स्कूटरची चावी.
तो मला देतो रिकामा डबा,
जो मी वॉर्डातल्या नळावर धुणार.
हात लागला तर लागतो.
एक रिक्षावाला दुसऱ्याला म्हणाला,
काडीमोड झालेला दिसतोय, पोर वाटून घेतात.
भिकन तिथंच हसला.
मला हसू आलं आयटीआय सिग्नलला,
सिटी बसमध्ये, उभ्यानं.

मुक्ताने शाळेत ते चिन्ह काढलं.
बाई म्हणाल्या, घड्याळासारखं फिरव.
ही म्हणाली, आमच्या घरी असंच फिरतं.

रात्री फोन डोळ्याजवळ धरून बघितलं.
खरंच की, उलटेच निघालेत.
देवळात अशी फेरी घातली
तर सासूबाई दंडाला धरून वळवतील.
आणि मध्ये फट आहे.
याचं टोक त्याच्या शेपटाला लागत नाही.
लागलं असतं तर नुसती बांगडी झाली असती,
कोण कुठं निघालंय, कळलं नसतं.

माघात कंपनी आठ दिवस बंद राहिली.
माझ्या रजा उरल्या होत्या, घेतल्या.
दोघंही घरात. बदलायला काही नाही.
स्वयंपाकघरात आम्ही दोनदा आपटलो,
दोनदा म्हणालो, 'सॉरी',
बसमधल्या अनोळखी माणसांसारखं.
तू चहात आलं घालतेस? त्याने विचारलं.
सात वर्षं घालते, म्हटलं.
त्याने कप खाली ठेवला, आत पाहिलं,
परत उचलला.

तिसऱ्या दुपारी तो बाल्कनीत,
मी आत मेथी निवडत.
फोन थरथरला. निळी चौकट.
ना शिफ्ट, ना सिलिंडर, ना ताप;
पोरगी शेजारी खेळायला गेलेली.
काय रे? मी ओरडले.
काही नाही, बाहेरून आलं.

मेथीचे हात पदराला पुसले
आणि तेच त्याला परत पाठवलं.
उत्तर होतं की प्रश्न,
ते मलाही माहीत नाही.

बाल्कनीत टिंग वाजलं.
थोडा वेळ काहीच नाही.
मग खुर्ची सरकल्याचा आवाज.