ढाल फुटण्याचे नियम

वेंगुर्ला बंदरात, बर्फाच्या कारखान्याच्या माळ्यावर
डिझेलच्या वहीत मागच्या पानांवर लिहून ठेवलंय मी :

जमिनीवर पडलेली ढाल मंत्राने फुटते.
फासा नाही, वाद नाही.
हातात धरलेली ढाल
धरणाऱ्याच्या जिद्दीएवढी टिकते.
त्याने वीस पैलूंचा फासा टाकावा;
चौदा किंवा वर आले तर नुसता चरा.
ढाल जादूची असेल तर दोन वाढवून धरावेत.
लाकडी ढालीची कुसळं होतात.
लोखंडी ढाल एका श्वासात गंजते.
(हे मूळ नियमात नव्हतं, मी घातलं.
लोखंड कसं मरतं ते इथे कुणी शिकवायला नको.)

पाठीला बांधलेली ढाल धरलेली म्हणायची का,
यावर गेल्या बंदीत अख्खी रात्र गेली.
जोकिम फर्नांडिस रागाने उठून गेला,
पण आधी सुका बांगडा संपवून.

आज चेटकिणीने बोट रोखलं प्रज्योतीवर,
म्हणजे तिच्या हातातल्या ढालीवर,
जी हेरंब मोर्जेची.
वायंगणीच्या वाळूत कासवाशेजारी पालथं पडून
त्याने तिचे खवले कागदावर उतरवले होते.
बोटीवर खलाशी म्हणून गेला तेव्हा
तो कागद देऊन गेला हिला,
आणि निळा फासा घेऊन गेला.
तेव्हापासून एक फासा कमी आहे आमच्यात.

"टाक," मी म्हटलं.
तिने मूठ उघडलीच नाही.
"ढाल माजी नाय. जिद्द कोणाची धरतलस?"

वही चाळली.
नियमात धरणारा होता, मालक नव्हता.
खाली बंद कॉम्प्रेसर, अमोनियाचा शिळा वास,
जेटीवर ताडपत्रीखाली ओळीने झोपलेल्या होड्या.

मग हेरंबला मेसेज : निळा फासा टाक, आकडा कळव.
"तो वीसच सांगतलो," जोकिम.
"सांगूंदे," प्रज्योती.

एकच टिक.
फुजैराच्या पुढे कुठेतरी असेल त्याची बोट,
किंवा झोपला असेल.

मी नवा नियम लिहायला घेतला :
मालक रेंजबाहेर असेल तर
आणि तिथेच थांबलो.
त्याच पानावर खाली
कुणाचं तरी चाळीस लिटर अजून येणं आहे.

चेटकिणीचं बोट तसंच.
जोकिमने चहा ओतला.
प्रज्योती तो उजव्या हाताने पितेय.
डावा तिने वर धरलाय,
कोपरात वाकवून, छातीसमोर,
मघापासून.