गेटर

येलदरी रोडला, जिनिंगच्या भिंतीला टेकून
माझं पंक्चरचं दुकान.
कॉम्प्रेसरमागं जुन्या टायरांची थप्पी,
तिच्या पोकळीत कुत्रीनं पाच पिल्लं घातली.
दुपारी तापलेला टायर रात्री बराच वेळ ऊब सोडत नाही,
हे जिंतूरच्या थंडीत तिला कुणी सांगितलं
कोण जाणे.

नाळा तिनंच तोडल्या, दातानं.
चौघांच्या नीट वाळून गळाल्या.
पाचवं पिल्लू तीन आठवड्यांनी प्रांजलनं
उताणं धरून माझ्यापुढं आणलं :
"पप्पा, याच्या पोटाला बोर आलंय."

बोराएवढंच. मऊ.
बोट लावलं की आत,
पिल्लू केकाटलं की बाहेर.
बेंबीच्या देठापासून ओरडतो म्हणतात ना,
याचं देठच उघडं राहिलेलं,
ओरडणं निघताना दिसायचं.

मला एकच शास्त्र येतं.
टायरला चीर पडली की ट्यूब डोकावते,
हवा जास्त तेवढा फुगा मोठा.
ट्यूबचा दोष नसतो,
ती बिचारी वाट दिसेल तिकडं जाते.
आतून गेटर बसवायचा, जुन्या टायरचाच तुकडा,
अन् गिऱ्हाइकाला सांगायचं, जपून चालव.

अफसर म्हणाला, रुपया बांधा.
रुपयाचं मलाही ठाऊक होतं.
माझ्या आईनं मला भोकाचा पैसा बांधला होता,
भोक बुजवायला भोकाचा पैसा,
वर लुगड्याची पट्टी.
प्रांजलनं नवा रुपया घेतला, काळी वायरटेप घेतली.
रात्रीतून कुत्रीनं टेप चाटून सोडवली.
रुपया सकाळी ग्रीसच्या डब्यापाशी सापडला.

सरकारी दवाखान्यात पुढं सात शेळ्या,
एक म्हैस, तिचा मालक तिच्याहून घाबरलेला.
गिराम डॉक्टरांनी पिल्लू तळहातावर घेतलं.
"बोटाचं टोक जातंय, जाऊ द्या.
सहा महिन्यांत बुजतं बहुतेक.
नाही बुजलं तर नसबंदीच्या वेळी दोन टाके.
पण आत जाईना झालं, कडक लागलं, गरम लागलं,
पिल्लू ओकायलंय असं दिसलं,
तर रात्र बघायची नाही. आतडं अडकतं."

"कुत्रीनं नाळ ओढली म्हणून झालं का?"
प्रांजलनं विचारलं.
"नाही गं. रक्तातूनच येतं हे पुष्कळदा.
आईला नाव ठेवू नको."

मी तेव्हा बाहेर बघत होतो.
म्हैस आता मालकाचा हात चाटत होती.

मग रोजचंच झालं.
शटर ओढायच्या आधी प्रांजल पिल्लू उताणं करायची,
हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहायची :
बोट जातं.
करंगळी जाती.
नुसतं नख.
मधे तीन दिवस काही नाही, चाचणी परीक्षा.
मार्चात एकदा नुसतं
"बंद"
अन् खाली दोन रेघा.
पिल्लू तोवर हवेच्या पाइपाशी भांडायला शिकलेलं,
पोटाकडं बघायला त्याला वेळ नव्हता.

त्याच आठवड्यात
ट्रकचं चाक उचलताना माझा सदरा वर सरकला.
ती पाना घेऊन समोर उभी.
तिनं बघितलं. मी सदरा खाली ओढला.
पन्नास वर्षं ओढत आलोय.

"पप्पा, झोपा."
"काहून?"
"झोपा म्हणते ना."

टायरांवर टाकलेल्या पोत्यावर झोपलो मी, उताणा.
तिचं बोट ग्रीसनं काळं, थंड.
पिल्लाला दाबायची तसंच, हळू.
अफसर उगीच रेडिओचा आवाज कमी करू लागला.
पिल्लू येऊन माझ्या कानाशी हुंगून गेलं.

"जाईना," ती म्हणाली.

मग बराच वेळ काही म्हणाली नाही.
वही उघडली, तारीख घातली,
पुढं काही लिहिलं नाही,
अन् अफसरला म्हणाली,
"चाव्या तुमच्याकडं ठेवा.
परभणीची शेवटची गाडी किती वाजता हाय?"